गोष्ट मागेपुढे सांगायची असेल तर: काळाचा क्रम मोडण्याआधी आणि मोडताना

पाऊस सुरू झाला की दिवाळी अंकांच्या मुदती जवळ येतात, आणि आमच्या दापोलीतल्या लिहिणाऱ्या पाच-सहा जणांच्या ग्रुपवर कथा येऊन पडायला लागतात, जरा वाचून सांग गं म्हणून. त्यातल्या बऱ्याच कथांमध्ये हल्ली काळ उड्या मारत असतो. पहिल्या पानावर आजी वारलेली, दुसऱ्यावर आजीचं लग्न, तिसऱ्यावर परकर-पोलक्यातली कोणीतरी मुलगी विहिरीवर, आणि ही मुलगी म्हणजे आजी की आजीची बहीण हे मला सातव्या पानापर्यंत कळत नाही. लेखकाला विचारलं तर म्हणतो, कळलं नाही तरच मजा ना. कसली मजा, गोंधळलेला वाचक कथा ठेवतो आणि मोबाईल उचलतो.

चूक जवळपास दर वेळी तीच असते: कथा पहिल्या फटक्यातच तोडून लिहिलेली असते. लेखकाला स्वतःलाच सरळ गोष्ट पूर्ण माहीत नसते आणि ती भोकं तो उड्यांखाली झाकतो. म्हणून खाली जो क्रम देतेय तो निदान पहिल्या दोन-तीन कथांना तरी तसाच पाळा, नंतर तुमचं तुम्ही बघा.

उदाहरणाला एकच गोष्ट शेवटपर्यंत वापरते, मीच रचलेली आहे. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि आमच्या दापोली-मंडणगडातल्या बागा झोपवून गेलं. त्यात सुमनकाकींची हापूसची कलमं आडवी झाली. मुंबईची लेक नंदा भरपाईसाठी धावपळ करते, सातबारा काढते, तर कलमांच्या जमिनीवर नाव मामाचं. वडील, वसंता, जाऊन नऊ वर्षं झालीत. खरी गोष्ट अशी की १९८२च्या गिरणी संपात वसंताची कमाई बंद झाली आणि जमीन विकली गेली, आणि ती भावाने विकत घ्यावी, म्हणजे निदान घरात राहील, ही कल्पना काकींचीच. कोणीच कोणाला सांगितलं नाही.

१. मोडायची गरज आहे का ते आधी बघा

गोष्ट कोणालातरी तोंडी सांगा. ओटीवर बसून, चहा पिता पिता, सरळ, पहिल्यापासून. ऐकणारा मध्ये कोणता प्रश्न विचारतो ते लक्षात ठेवा. तो जर सारखा "मग पुढं काय झालं?" विचारत असेल तर गोष्ट सरळच लिहा, ती आपोआप ओढते, तिला हात लावू नका. पण शेवट कळल्यावर त्याने "अरे, पण हे असं झालंच कसं?" विचारलं, तर मागे जायला जागा आहे.

जमिनीचे कागद हाताळलेल्यांना हे लगेच कळेल. सातबारा म्हणजे आज काय आहे. नावाशेजारी फेरफाराचा नंबर असतो, आणि ते नाव तिथे आलं कसं ते बघायचं तर तो फेरफार काढायचा. कोणी उगाच फेरफार काढत बसत नाही, सातबाऱ्यावर काहीतरी खटकलं की काढतो. वाचकाचंही तसंच आहे. आधी त्याला आजच्या कागदावर काहीतरी खटकलं पाहिजे.

तपासा: तुमच्या कथेतला "हे असं कसं झालं?" एका वाक्यात लिहून भिंतीला लावा. आपल्या गोष्टीत तो आहे, "बाबांच्या बागेवर मामाचं नाव कसं?" एका वाक्यात बसत नसेल तर पुढच्या पायरीला जाऊ नका.

२. सरळ गोष्ट एका पानात

सुंदर लिहायचं नाही. पंचनाम्यासारखं लिहायचं, कोण, कुठे, कोणत्या साली, काय केलं. १९७४, वसंता-सुमनचं लग्न. १९७६, नंदाचा जन्म. १९७८, कलमं लावली. १८ जानेवारी १९८२, मुंबईत गिरण्यांचा संप सुरू. त्या शिमग्याला वसंता घरी आला. १९८३, खरेदीखत, मग फेरफार. असं २०२०पर्यंत.

या पानावर तुमचं रहस्य उघडं लिहा. हे लोक हमखास टाळतात, म्हणतात लिहिता लिहिता सुचेल. सरळ कथेत एक वेळ सुचतं, मागेपुढे जाणाऱ्या कथेत तुम्ही तिसऱ्या पानावर ज्याची चाहूल देणार तीच गोष्ट तुम्हाला माहीत नसेल तर चाहूल देणार कशाची?

३. वयांचा आणि ऋतूंचा तक्ता

सगळ्यात कंटाळवाणी पायरी, आणि सगळ्यात जास्त कथा इथेच बुडतात. वहीत आडव्या ओळीत साल, उभ्या रांगेत माणसं. वसंता जन्म १९५०, म्हणजे संपात ३२चा. सुमन तेव्हा २८ची, २०२०मध्ये ६६. नंदा संपात सहा वर्षांची, वादळात ४४. आता लगेच काही गोष्टी कळतात. सहा वर्षांच्या पोरीला रात्री आईबाबा कुजबुजत होते हे आठवेल, खरेदीखतातली रक्कम आठवणार नाही. कथेत तिला ती रक्कम आठवली की वाचकाचा विश्वास गेला.

त्याखाली दुसरा तक्ता करा, त्या त्या साली काय होतं आणि काय नव्हतं. मी स्वतः यात तोंडावर आपटलेय. एका कथेत माझे आजोबा १९८६ साली खेड स्टेशनवर उतरले, हातात ट्रंक, वगैरे फार छान वर्णन केलं होतं, आणि अंकाच्या संपादकांनी कथा परत पाठवली, वर एवढंच लिहून की गाडी कुठली पकडली होती? कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरपर्यंत पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ला, १९८६मध्ये तर रुळाचं कामही सुरू नव्हतं. आजोबा एसटीने यायला हवे होते, रात्रभर, घाट उतरून, आणि खरं सांगू का, तो सीन ट्रंकेपेक्षा चांगला झाला असता.

आपल्याकडच्या कथांमध्ये वारंवार दिसणाऱ्या अशाच काही: १९६५च्या घरात भिंतीवर कालनिर्णय (ते सुरूच झालं १९७३मध्ये), १९७०च्या पत्रावर मालवणच्या पत्त्याखाली "जि. सिंधुदुर्ग" (तो जिल्हा झाला १ मे १९८१ला, त्याआधी रत्नागिरीच), २०१५मध्ये आलेली तार (तार २०१३च्या जुलैत बंद झाली). वर्तमानातही चुका होतात बरं का. जून २०२०मध्ये नंदा वादळाच्या दुसऱ्याच दिवशी मुंबईहून गाडी काढून येऊ शकत नाही, लॉकडाऊन होता, जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता. आणि आईने चार तारखेला फोन करून सांगितलं असंही लिहू नका, वीज नव्हती, टॉवर बंद, इथे कित्येक दिवस कोणाचा कोणाला पत्ता नव्हता. ही अडचण समजू नका, कथेला फुकट मिळालेला ताण आहे तो.

मग ऋतू. कोकणात साल न सांगता महिना सांगता येतो, आणि मागेपुढे जाणाऱ्या कथेत ही मोठी सोय आहे. मोहोर म्हटलं की थंडी. रातांबे फोडून आगळ चाललंय म्हणजे एप्रिल-मे. लावणी म्हणजे जुलै, होड्या वर ओढून शाकारल्यात म्हणजे नारळी पौर्णिमा अजून व्हायचीय. दोन काळांना दोन वेगळे ऋतू द्या, अर्धं काम तिथेच होतं: आपल्या गोष्टीत १९८२ म्हणजे शिमग्याचं ऊन आणि २०२० म्हणजे पावसातला चिखल. वाचक सीनच्या पहिल्या ओळीत पायाखालची माती कोरडी की ओली ते बघतो आणि ओळखतो.

सावधान: सण आणि तारीख एकत्र लिहिणार असाल तर त्या सालचं पंचांग बघा. गणेश चतुर्थी २०२०मध्ये २२ ऑगस्टला होती, २०२३मध्ये अधिक श्रावण आला आणि ती १९ सप्टेंबरला गेली. "गणपतीत, ऑगस्टच्या शेवटी" हे दर वर्षी खरं नसतं.

४. एक धागा सरळच ठेवा

दोन्ही काळ उड्या मारायला लागले की वाचकाला धरायला काही उरत नाही. एक काळ निवडा जो फक्त पुढेच जाईल. शक्यतो तो आजचा आणि लहान मुदतीचा असावा. आपल्याकडे नंदा येते तिथपासून पंचनाम्यावर सही होईपर्यंत, फार तर तीन आठवडे. या धाग्यात दिवस मागे जाणार नाहीत, कितीही मोह झाला तरी.

आणि या धाग्यात काहीतरी घडलं पाहिजे. इथे मी जरा कडक आहे. म्हातारा माणूस खिडकीत बसून आठवतोय, चहा गार होतोय, परत आठवतोय, हा काही धागा नाही, ती खुंटी आहे, जुन्या गोष्टी टांगायला ठोकलेली. नंदाला मुदतीत कागद द्यायचेत, मामाचा मुलगा सही द्यायला टाळाटाळ करतोय, आई विषय काढला की उठून आत जाते. आजच्या काळातही काही पणाला लागलेलं असलं की मागचं वाचायला माणूस थांबतो.

तपासा: मागचे सगळे सीन बाजूला काढून फक्त आजचा धागा वाचा. बारीकशी का होईना, कथा उभी राहते का?

५. कार्डं मांडा

एका सीनला एक कार्ड. मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू वापरते, जाड असतात आणि घरात ढिगाने पडलेल्या असतात. कार्डावर वर साल आणि महिना, मध्ये काय घडतं ते एका ओळीत, आणि सगळ्यात खाली, हे विसरू नका, "वाचकाला इथे नवीन काय कळलं". ही खालची ओळ रिकामी राहिली तर तो सीन कितीही गोड असो, काढा.

मग जमिनीवर मांडायला घ्या. पहिलं कार्ड आजचं. दुसरंही आजचंच असू दे. पहिल्या पानावरच मागे उडी मारू नका, वाचकाने अजून आजच्या घरात चपलासुद्धा काढलेल्या नसतात. सातबारा हातात येतो, नाव दिसतं, आई "असेल काहीतरी" म्हणून भांडी घासायला बसते, आणि मग पहिली उडी.

प्रत्येक उडीला आधीच्या कार्डात कारण पाहिजे. प्रश्न चालतो, एखादी वस्तूही चालते, एखादा शब्द सुद्धा चालतो. नंदा म्हणते बाबांनी विकलीच कशी, आणि पुढच्या कार्डात वसंता एकाच पिशवीनिशी ओटीवर येऊन बसतो. उत्तर पूर्ण देऊ नका, अर्धं द्या, म्हणजे आपण परतलो की नवा प्रश्न बरोबर येतो. आपल्या गोष्टीत मागचे तीन सीन पुरतात: वसंता घरी येतो (पैसे नाहीत हे कळतं), मामा रात्री येतो (घेणारा मामा हे कळतं), आणि सुमन भावाशी एकटी बोलते (ही कल्पना तिची हे कळतं). हा तिसरा सीन खरं म्हणजे दुसऱ्याच्या आधी घडलेला आहे, आणि सगळी गोष्ट त्या अदलाबदलीवरच उभी आहे. घडलेल्या क्रमाने ठेवला असता तर दुसऱ्या सीनमध्ये मामा लोभी वाटलाच नसता आणि शेवटी काही उलटलंच नसतं. मात्र हा सीन सुरू होताच तो मामा येण्याआधीचा आहे हे सांगून टाका, तिथे लपवाछपवी नको.

एकदा मी अशीच कार्डं ओटीवर मांडली होती, वाऱ्याने सगळी अंगणात गेली, गोळा केली तशीच वाचून काढली तर कथा तेवढीच बरी लागत होती. तेव्हा हसले, पण नंतर लक्षात आलं की हा भयंकर निकाल आहे. कुठलाही क्रम चालतोय म्हणजे माझ्या क्रमाला काही कारणच नव्हतं. तेव्हापासून मी मुद्दाम करते: मांडून झाली की फोटो काढून ठेवा, मग कार्डं पिसून वाचा. काहीतरी बिघडलं पाहिजे. बिघडलं नाही तर परत मांडा.

सावधान: फ्लॅशबॅकच्या आत फ्लॅशबॅक नको. १९८२मधल्या वसंताला १९७४चं लग्न आठवायला लागलं की वाचक दोन जिने उतरलेला असतो आणि वर यायची वाट विसरतो. १९७४ हवंच असेल तर एका वाक्यात संपवा.

आणखी एक, ज्याच्या नजरेतून सांगताय त्याला माहीत असलेली गोष्ट त्याच्याच मनात शिरून लपवू नका. सुमनच्या मनातून कथा सांगून "तिला ते सगळं आठवलं" म्हणायचं आणि काय आठवलं ते आठ पानं दाबून ठेवायचं, ही फसवणूक आहे. म्हणून ही गोष्ट नंदाच्या नजरेतून, तिला खरंच माहीत नाही. आणि मागचे सीन बाहेरून, माणसं काय बोलली आणि काय केलं तेवढंच.

६. सांधे: इथे मराठी मदत करते, आणि पायही घसरवते

आता लिहायला बसा. मागे जाताना सगळ्यात जास्त दिसणारा आजार म्हणजे होता-होता. असं:

"वसंता आला होता. त्याने पिशवी ठेवली होती. सुमनने पाणी आणलं होतं. तो म्हणाला होता की गिरणी बंद झाली होती."

चार वाक्यांत वाचक दमला. "होता" हा दरवाजा आहे, आत जाताना एकदा उघडायचा, प्रत्येक पावलाला उघडझाप करायची नाही. तोच सीन असा बघा:

"नंदाने उपटलेल्या मुळाला हात लावला. चिखल नखांत गेला.
१९८२च्या शिमग्याला वसंता मुंबईहून आला होता तेव्हा हे कलम त्याच्या छातीला लागत होतं. बरोबर पिशवी एकच. त्याने ती ओटीवर ठेवली आणि चपला न काढताच बसला. सुमनने पाणी आणलं. तो पाण्याकडे बघत राहिला.
'नंदाताई, इथे सही लागेल,' तलाठी म्हणाले."

पहिल्या वाक्यात साल, ऋतू आणि एकदाच "आला होता". त्यानंतर साधा भूतकाळ, ठेवली, बसला, आणलं. परत येताना "ती भानावर आली" असलं काही लिहायची गरज नाही, आजच्या काळातल्या माणसाने तोंड उघडलं की वाचक आपोआप परत येतो. कलम दोन्ही काळांत आहे, एकदा छातीएवढं आणि एकदा आडवं, त्यामुळे उडी मारल्यासारखी वाटतच नाही.

दुसरी गोष्ट, "यायचा, बसायचा, म्हणायचा" ही रूपं सवयीसाठी ठेवा. वसंता दर मेमध्ये यायचा, ठीक. पण त्या एका रात्री मामा "यायचा" म्हटलं की ती रात्र एकदाची राहत नाही, रोजची होते. हे मिसळलेलं मी चांगल्या चांगल्या लिहिणाऱ्यांकडे बघितलंय.

आणि "काल", "उद्या" हे फक्त संवादात. मागच्या काळातल्या निवेदनात "आदल्या दिवशी", "दुसऱ्या दिवशी". "परवा" तर जपून, आपला परवा मागेही जातो आणि पुढेही, बोलताना क्रियापद सावरून घेतं, पण चिठ्ठीत "परवा पैसे" एवढंच लिहिलंत तर ते आले की येणार हे वाचकाने कसं ओळखायचं? अर्थात तोच गोंधळ तुम्हाला कथेत हवा असेल तर भाषेने आयता दिलाय, वापरा.

सावधान: तिरपी अक्षरं, तीन चांदण्या, सीनच्या डोक्यावर साल, यावर सगळं सोडू नका. अंक छापताना चांदण्या गळतात, मोबाईलवर तिरपं अक्षर दिसत नाही. पहिल्या ओळीतच काळ कळला पाहिजे, चांदणी असली तर बोनस.

७. एका माणसाची किती नावं

हे आपल्याकडचंच दुखणं. बायकांची लग्नात नावं बदलली जायची. सुमनकाकी माहेरी इंदू. मामा १९८२मध्ये तिला इंदूच म्हणणार, सुमन म्हणाला तर खोटं वाटेल. पण २०२०मध्ये ती सुमनकाकी, नंदाची आई, तलाठ्यांची "आजी". सरळ कथेत वाचक नाव बदलताना बघतो, मागेपुढे केलं की त्याला दोन-तीन वेगळ्या बायका दिसतात.

उपाय सोपा आहे. निवेदनात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच नाव, सुमन. बाकीची नावं फक्त माणसांच्या तोंडी, आणि पहिल्यांदा येईल तिथे एक दुवा: "इंदू," भावाने हाक मारली, आणि सुमनने चुलीवरून मान वळवली. बस. पुरुषांचंही बघा, वसंता, वसंतराव, बाबा, भावोजी. तक्त्यात प्रत्येकाच्या नावापुढे कोण काय हाक मारतं ते लिहून ठेवा.

८. वाचून घ्या

दोन फेऱ्या. पहिली तुमची स्वतःची: सगळे सीन घडलेल्या क्रमाने लावून एकदा वाचा. वयं, ऋतू, कोणाला कधी काय कळलं, या चुका सरळ लावल्यावरच दिसतात. माझ्या एका कथेत एक बाई ज्या पत्राला उत्तर देत होती ते पत्र अजून लिहिलंच गेलेलं नव्हतं.

दुसरी फेरी दुसऱ्या माणसाची, शक्यतो न लिहिणाऱ्या. मी आमच्या शेजारच्या काकींना मोठ्याने वाचून दाखवते, त्या तोवर काजू सोलत असतात. कशी वाटली हे विचारायचं नाही, सगळे छान म्हणतात. म्हणायचं, आता तुम्ही मला पहिल्यापासून सांगा काय झालं ते. त्या सरळ लावून सांगायला लागल्या की ऐकत राहा आणि जिथे "थांब हां, हे आधी ना?" म्हणाल्या तिथे पानावर खूण करा. समजावून सांगू नका, वाद घालू नका, अंकात तुम्ही वाचकाशेजारी बसलेले नसणार.

मग खूण केलेल्या जागी परत जा. दहातल्या आठ वेळा सीन हलवावा लागत नाही, त्याच्या पहिल्या ओळीत एक महिना, एक वय किंवा एक हाक घातली की काम होतं. उरलेल्या दोन वेळा कार्डं परत जमिनीवर, या वेळी पंखा बंद करून.